नदी दिसण्याचे दिवस

फोनवरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. "बागपतला नदी सगळ्यात छान कुठून दिसते?" मी उलट विचारते, "तुम्ही कधी येताय?" पलीकडचा माणूस जरा घुटमळतो. त्याला जागेचं नाव हवं असतं आणि मी महिना विचारत असते. पण बारा वर्षं यमुनेच्या काठाने लोकांना सायकलवरून हिंडवल्यावर माझ्याकडे याहून खरं उत्तर नाही. माझ्या वहीत प्रत्येक वळणापुढे अंतर एकदाच लिहिलेलं आहे, आणि त्याच्या खाली तारखाच तारखा. कुठल्या पंधरवड्यात तिथून पाणी दिसतं, कधी नुसता ऊस, कधी धुकं, कधी चिखल.

बागपत दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून चाळीसेक किलोमीटरवर, यमुनेच्या डाव्या काठावर आहे. आधी ते मेरठ जिल्ह्यात होतं, १९९७ साली वेगळा जिल्हा झाला. नदीपलीकडे हरियाणाचा सोनीपत जिल्हा. कागदोपत्री हा सगळा भाग राजधानी क्षेत्रात मोडतो, पण गावाबाहेर पडलं की दहा मिनिटांत राजधानीचा विसर पडतो. म्हशीला जुंपलेली बुग्गी ऊस घेऊन रस्त्याच्या मधून चालते आणि मागची मोटार निमूट तिच्या चालीने चालते. शेणाच्या गोवऱ्या रचून, वरून लिंपून केलेले बिटौडे घरांशेजारी देवळांच्या शिखरांसारखे उभे असतात. खाटेवर हुक्का घेऊन बसलेले ताऊ अनोळखी सायकलवाल्यालाही "रामराम" घालतात, आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर ते त्यांच्या लक्षात राहतं.

माझं माहेर नृसिंहवाडीचं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं. आमच्याकडे नदीचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाआधी पाठ व्हायचं. पाणी वाढू लागलं की आमच्या घरात बोलणं कमी व्हायचं आणि रेडिओ जास्त वेळ चालायचा. कोयनेतून किती पाणी सोडलं, ते आपल्याकडे कधी पोचेल, याचा हिशेब आजी बोटांवर करायची. पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वाराचं स्नान करायला लोक धावायचे. त्याहून पाणी चढलं की बिऱ्हाड माळ्यावर. नदी आपल्या वेळेने येते, आपण आपलं सामान हलवायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी पाहत मोठी झाले. दिल्लीत आल्यावर मात्र मी ते विसरले, आणि पुन्हा शिकायला मला बरीच वर्षं लागली.

२००४ साली मी नोकरीसाठी दिल्लीत आले. काम नकाशे काढण्याचं होतं. रोज पुलावरून यमुना ओलांडायची ती बसच्या खिडकीची काच लावून. नदी म्हणजे काळं पाणी, पांढरा फेस आणि वास, एवढीच ओळख. वझीराबाद ते ओखला हा साधारण २२ किलोमीटरचा पट्टा यमुनेच्या एकूण लांबीच्या दोन टक्केही नाही, पण तिच्यातली तीन चतुर्थांश घाण याच पट्ट्यात मिसळते. नजफगढचा नाला वझीराबाद बंधाऱ्याच्या लगेच खाली मिळतो. हे आकडे मी कार्यालयात नकाशांवर लिहिले होते. एका रविवारी सायकल घेऊन वझीराबादच्या वरच्या अंगाला गेले, तेव्हा त्या आकड्यांची दुसरी बाजू दिसली. बंधाऱ्याच्या वर नदी वाहत होती, पाण्यावर चक्रवाकांची जोडी बसली होती, आणि एक कोळी बायकोशी भांडत जाळं उकलत होता. मी दिल्लीत आठ वर्षं राहत होते आणि नदी माझ्यापासून सायकलच्या अंतरावर होती. त्यानंतर मी दर आठवड्याला थोडी वर जात राहिले. पल्ला गावापर्यंत, तिथून पलीकडच्या काठाने लोणीच्या पुढे, आणि शेवटी बागपतपर्यंत.

पहिली सहल मी २०१२ च्या ऑक्टोबरात काढली. कार्यालयातले आणि ओळखीचे मिळून अकरा जण. सायकली छोट्या हत्तीत घालून बागपतला आणल्या, कारण लोणीचा रस्ता नवख्यांना चालवायला देण्यासारखा नाही. मार्ग मी उपग्रहाच्या चित्रावरून आखला होता. नदीला लागून जाणारी कच्ची वाट, ३४ किलोमीटर, आठ ठिकाणी थांबे, प्रत्येक थांब्यावरून नदीचं दृश्य. कागदावर तो मार्ग देखणा होता. प्रत्यक्षात पहिल्या दोनशे मीटरनंतर आमच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट उंच ऊस उभा राहिला आणि पुढचे तीन तास आम्ही एका हिरव्या बोळातून गेलो. वारा लागेना, नदी दिसेना, घामाने कपडे भिजले. उसाची पाती हातांवर चरे ओढत होती. थांब्यांच्या जागी थांबलो तिथेही ऊसच. एका तरुणीने मला अगदी सरळपणे विचारलं, "नदी आहे ना नक्की?" नदी ८० मीटरवर होती.

बांधावर एक ताऊ खुरपं घेऊन बसले होते. मी त्यांना विचारलं, नदी दिसेल अशी जागा कुठे आहे? त्यांनी उसाकडे हात केला आणि म्हणाले, "ईख कटन दे, फेर देखियो." ऊस तुटू दे, मग बघ. बाकी काही बोलले नाहीत. त्या दिवशी मला ते उत्तर तुटक वाटलं. मी उसाच्या मुलखातली, शिरोळ तालुक्यातली मुलगी. ऊस कधी उभा असतो आणि कधी तुटतो हे मला त्यांनी सांगावं लागलं, याची लाज मला घरी पोचल्यावर वाटली.

त्या वाक्याचा पुरता अर्थ कळायला दोन हंगाम गेले. ऊस तुटतो म्हणजे सगळा एकदम तुटत नाही. इथे कारखान्याकडून शेतकऱ्याला पर्ची मिळते, म्हणजे कुठल्या दिवशी किती ऊस तोडून आणायचा त्याची चिठ्ठी. आता ती मोबाइलवर येते. ज्याची पर्ची आली त्याचं शेत मोकळं होतं, शेजारच्याचं उभं राहतं. खोडवा आधी जातो, लागण नंतर. म्हणजे नदीकाठच्या एखाद्या वळणावरून पाणी डिसेंबरात दिसणार की मार्चमध्ये, हे त्या वळणावरच्या शेताच्या पर्चीवर ठरतं. मी नकाशावर 'दृश्य' असं लिहिलं होतं. ते दृश्य कुणाच्या तरी घामाचं पीक होतं आणि त्याच्या तोडणीच्या तारखेला बांधलेलं होतं. तेव्हापासून मी हंगामाच्या सुरुवातीला काठच्या सात-आठ घरांत चहा प्यायला जाते आणि विचारते, तुमची पहिली पर्ची कधीची? ही माझी सगळ्यात महत्त्वाची तयारी. नकाशा त्याच्यानंतर उघडते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस मला सर्वांत प्रिय आहेत. बराच ऊस तुटलेला असतो, मोहरीचा पिवळा रंग उतरायला लागलेला असतो, गहू पोटरीतून बाहेर पडत असतो आणि मोकळ्या झालेल्या शेतांमधून खादर दूरवर दिसतं. खादर म्हणजे पुराचं पाणी पोचतं ती सखल जमीन, आणि वरची पक्की जमीन ती बांगर. हे दोन शब्द मी प्रत्येक सहलीच्या आधी सांगते. बांगरावरून खादरात उतरताना सायकल आपोआप वेग घेते, तो उतार जेमतेम एका घराइतका असतो, पण त्या उतारावर गावं, देवळं, विहिरी सगळं वरच्या बाजूला राहतं. खाली फक्त शेतं आणि झोपड्या. नदीला किती जागा लागते ते जुन्या लोकांना माहीत होतं. हा उतार उतरताना मी नेहमी सर्वांना ब्रेक लावायला सांगते, वेगासाठी नव्हे, तर तो उतार लक्षात राहावा म्हणून.

कोल्हूवरच्या थांब्याची वेळही पहिल्या वर्षांत माझ्या हातून चुकायची. आपल्याकडचं गुऱ्हाळ ते इथे कोल्हू. मी सहल सकाळी सातला सुरू करून नऊ वाजता कोल्हूवर आणायचे, कारण नाश्त्याला ती वेळ सोयीची होती. नऊ वाजता तिथे कधी चुलवाण नुसतं पेटत असायचं, कधी माणसं रात्रभर काम करून झोपलेली असायची. आम्ही सोळा जण हेल्मेटं घालून त्यांच्या उशाशी उभे. एकदा एका मजुराने चादर डोक्यावरून ओढून कूस बदलली, आणि मला आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत असं वाटलं. पुढच्या वेळी मी मालकाला आधी विचारलं, तुम्हाला कधी सोयीचं? ते म्हणाले, दुपारी तीननंतर या, पहिला कढाव उतरत असतो, माणसं जागी असतात, दोन शब्द बोलतील.

तीनला गेलो तेव्हा पाहायला किती होतं! आमच्या शिरोळकडे एक मोठी काहील असते, गुळव्या पाक तपासतो आणि सगळे मिळून काहील उचलून ओततात. इथे एकाच लांब चुलवाणावर ओळीने कढाव बसवलेले, रस मोठ्या पळीने एकातून दुसऱ्यात पुढे सरकवतात आणि शेवटच्या कढावातला पाक चाकावर, म्हणजे पसरट थाळ्यात, ओततात. मळी काढायला आपल्याकडे रानभेंडीचं पाणी घालतात, इथे सुकलाई नावाच्या झाडाच्या सालीचा चिकट रस. मी हे सांगितल्यावर तिथल्या कारागिराने मला भेंडीबद्दल दहा प्रश्न विचारले. किती घालता, कधी घालता, रंग कसा येतो? सोबतचे दिल्लीकर ऐकत उभे होते. गरम गुळाचा खडा पळसाच्या पानावर घेऊन खाताना कुणीही फोन बाहेर काढला नाही. त्या दिवसापासून मी त्या माणसांच्या सोयीची वेळ आधी लिहिते आणि आमची न्याहारी तिच्याभोवती बसवते.

धुक्याने मला धडा दिला तो कठोर होता. डिसेंबर-जानेवारीत या सपाटीवर कधीकधी दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. २०१४ च्या जानेवारीत मी पैसे घेतलेली सहल रद्द करायची हिंमत केली नाही. रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या होत्या. दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला, आणि मागे दिवा नाही. आमच्यातला एक गृहस्थ उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. खांद्याचं हाड मोडलं. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि म्हणूनच मी तो दिवस कधी विसरले नाही. दोष माझा होता. त्यानंतर मी नियम केला. धुक्याच्या महिन्यांत ऊन वर आल्याशिवाय, म्हणजे अकराच्या आधी, एकही चाक हलणार नाही, आणि हमरस्त्याचा तुकडा टाळता येत नसेल तर तेवढा छोट्या हत्तीतून. नोव्हेंबरात धूर दाटला की सहल रद्द, पैसे परत. काही वर्षं यात तोटा झाला. पण रद्द केलेल्या सहलीतली बरीच माणसं पुढच्या वर्षी परत आली, कारण त्यांना कळलं की ही बाई 'या' म्हणते तेव्हा खरंच येण्यासारखं असतं.

नावेचंही तसंच. सुरुवातीला मी सायकली नावेत घालून पलीकडे हरियाणाच्या वाळूवर नेत असे. लोकांना ते फार आवडायचं. १४ सप्टेंबर २०१७ रोजी काठा गावाजवळ माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली. पलीकडच्या शेतांत मजुरीला निघालेल्या लोकांपैकी वीसच्या आसपास माणसं गेली, त्यात बायका बऱ्याच होत्या. आमच्यासाठी नाव म्हणजे गंमत होती, त्यांच्यासाठी ती कामाला जायची रोजची वाट होती. मी त्या गावातून अनेकदा गेले होते. नंतर कित्येक महिने मला त्या काठावर लोकांना घेऊन जाववेना. नाव मी सहलीतून कायमची काढून टाकली. पलीकडे जायचं तर सोनीपतच्या रस्त्यावरचा पूल आहे. लोक अजूनही विचारतात, नाव का नाही? मी कारण सांगते. सांगायला हवं असं मला वाटतं.

बायकांच्या सोयीचा प्रश्न मी स्वतः बाई असून तीन वर्षं नीट सोडवला नव्हता. पुरुषांना उसाचा आडोसा पुरतो. बायका सकाळपासून पाणी कमी पितात आणि दुपारी त्यांचं डोकं दुखायला लागतं. एका प्राध्यापिकेने मला हे बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून मार्गावरच्या चार घरांशी माझं बोलणं झालेलं आहे. त्या घरांतल्या बायकांना मी दर सहलीमागे ठरलेले पैसे देते, त्या शौचालय उघडं ठेवतात आणि ताकाचे ग्लास भरून ठेवतात. या चार घरांमुळे सहलीचं रूपच बदललं. चुलीशी बसून होणाऱ्या गप्पा नदीपेक्षा जास्त लक्षात राहिल्या असं अनेक जणींनी मला कळवलं. त्या घरांतही वेळ पाळावी लागते. धार काढायच्या वेळी पोचलात तर कुणी बोलणार नाही.

मराठी मंडळी येतात ती पानिपतसाठी. १४ जानेवारीला काला अंब इथे जातात, दुसऱ्या दिवशी बागपत. कारण अब्दाली यमुना उतरला तो इथेच, २५ ऑक्टोबर १७६० च्या सुमारास. अशा पहिल्या गटात एक निवृत्त शिक्षक होते. आयुष्यभर मुलांना पानिपत शिकवलेलं. पक्क्या घाटापासून थोडं खाली वाळूत उतरलो. जानेवारीची यमुना, मधल्या धारेत गुडघाभर पाणी, बाकी वाळूच वाळू. सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढीशी नदी! हिच्या भरवशावर भाऊ निश्चिंत राहिले?" त्यांच्या आवाजातला राग मला कळला. तो नदीवर नव्हता, तो अडीचशे वर्षं जुना होता.

मी त्यांना जे माहीत होतं ते सांगितलं. आधी काठ सांगितला. आपण उभे आहोत हा काठ अब्दालीचा. मराठे पलीकडे, पश्चिमेला होते. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाटही त्याच बाजूला, दिल्लीच्या उत्तरेला. ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा घेतला तेव्हा मधे नदी होती आणि ती नदी आजची नव्हती. आज हथनीकुंडच्या बंधाऱ्यावर यमुनेचं पाणी पश्चिम आणि पूर्व यमुना कालव्यांत वळतं, आणि कोरड्या महिन्यांत मूळ पात्रात फार थोडं उरतं. त्या वेळी पावसाळा नुकता सरलेला, नदीत पाणी होतं. इतक्यात कुणी उतरणार नाही असं वाटावं इतकं होतं. अब्दालीने उतार शोधला, माणसं गमावली, पण फौज पार केली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. पुढचे अडीच महिने आणि १४ जानेवारी १७६१ आपल्याला माहीत आहे.

सर म्हणाले, "म्हणजे नदी कुठे उतरायची हे नव्हे, कधी उतरायची हे त्याने ओळखलं." मी त्यांच्याकडे पाहत राहिले. जे मला काठावरच्या शेतांनी तीन-चार वर्षांत शिकवलं होतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. पानिपतचं सगळं दुर्दैव एका उतारावर घालणं बरोबर नाही, त्याला कारणं पुष्कळ आहेत. पण एकच नदी एका महिन्यात भिंत असते आणि दुसऱ्या महिन्यात वाट, हे त्या वाळूत उभं राहून जितकं कळलं तितकं पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यानंतर मराठी गटांना मी सांगते, जमलं तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात या. ऊस उभा असेल, सायकलीला मोकळी वाट कमी मिळेल. पण घाटावर उभं राहिलात तर त्या दिवसांतलं पाणी दिसेल, कालव्यांनी घेऊन उरलेलं का होईना. मग मनाने त्यात भर घाला.

काही ठिकाणं मी यादीतून काढली, काही उशिरा घेतली. बडौतच्या पुढे सिनौली आहे. तिथे २००५ मध्ये मोठं दफनस्थळ सापडलं, आणि २०१८ च्या उत्खननात तांब्याने मढवलेल्या शवपेट्या आणि चाकांच्या गाड्या मिळाल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. लोक मोठ्या ओढीने विचारतात. पण वस्तू तिथून हलवल्या आहेत, आज पाहायला शेत आहे. मी हे आधीच सांगते. तरी ज्यांना यायचं असतं ते येतात आणि शेताच्या कडेला शांत उभे राहतात. हिंडनच्या काठचं पुरा महादेव मी श्रावणात अजिबात घेत नाही. त्या दिवसांत हरिद्वारहून पाणी घेऊन पायी येणाऱ्या कावडियांचा रस्त्यावर पहिला हक्क आहे. रटौलचे आंबे जूनअखेर आणि जुलैत. २०२१ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. लहानसं फळ, पण सुगंध असा की पिशवी कॅरियरला बांधली तर मागचा सायकलवाला ओळखतो. त्या सहलीत नदीकडे जातच नाही, कारण तोवर पाणी चढायला लागलेलं असतं.

पाणी चढतं तेव्हा मी पुन्हा आजीची नात होते. हथनीकुंडमधून किती क्युसेक सोडलं, ते दोन-तीन दिवसांत खाली येईल, हा हिशेब मी रोज सकाळी करते. काही वर्षं मला वाटत होतं की हा हिशेब आपल्याला जमला. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथून आठ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं आणि दिल्लीत जुन्या लोखंडी पुलापाशी पातळी २०६.६० मीटरवर थांबली. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये साडेतीन लाखांच्या थोडं वर आकडा ऐकला तेव्हा मी काठच्या लोकांना फोनवर सांगितलं, फार काळजीचं नसावं. १३ जुलैला पातळी २०८.६६ वर गेली. १९७८ चा २०७.४९ चा विक्रम मोडला. गाळ, काठावरची बांधकामं, बंधाऱ्याची न उघडलेली दारं, कारणं नंतर बरीच सांगितली गेली. माझ्यापुरतं सांगायचं तर मी मागच्या पुराच्या आकड्याने या पुराला मापलं. आजी असं कधी करत नसे. ती आकडा ऐकायची आणि मग घाटाची पायरी पाहून यायची.

माझ्या फोनवर विसंबून कुणी खाली राहिलं नाही, हे माझं भाग्य. काठच्या लोकांनी आपापलं पाहून झोपड्या आधीच वर आणल्या होत्या. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा माझा अर्धा मार्ग नव्हता. नदी एका जागी शंभरेक पावलं सरकली होती आणि अकरा वर्षं जिथून मी लोकांना सूर्यास्त दाखवला तो बांध पाण्यात होता. पालेजवाल्या बाईने, म्हणजे वाळूत टरबूज-काकड्या लावणाऱ्या बाईने, मला पाहून हाक मारली आणि म्हणाली, "दीदी, नदी उधर चली गई." तक्रारीचा सूर नव्हता. वाळू नवी आली होती, तिला ती जोखायची होती. दिवाळीनंतर तिने तिथेच चर खणले, शेणखत घातलं, सरकंड्याचे आडोसे उभे केले. मी तिच्या शेजारी बसून वहीत नवीन पान घेतलं.

गेल्या मार्चमध्ये आई वाडीहून आली होती. सायकल तिला जमणार नव्हती, म्हणून ती छोट्या हत्तीत पुढे बसून आली. ऊस तुटलेला, हवा स्वच्छ, दूरवर नदी. आईला हिंदी येत नाही आणि पालेजवालीला मराठी. दोघी बराच वेळ एकमेकींकडे पाहून हसत बसल्या. मग आईने हात जमिनीपासून वर नेला, डोक्याशी थांबवला आणि भुवया उंचावल्या. इतकं आलं होतं का पाणी? त्या बाईने मान हलवली, आईचा हात धरून तिला शिरीषाच्या झाडापाशी नेलं आणि खोडावरची सुकलेल्या चिखलाची रेघ दाखवली. रेघ आईच्या डोक्याच्या हातभर वर होती. आईने तिला बोट लावलं, आणि मग स्वतःच्या गळ्याशी हात नेऊन आमच्या ओटीवर २०१९ ला आलेलं पाणी दाखवलं. पालेजवालीने "हाय राम" म्हटलं आणि आईचा हात दोन्ही हातांत घेतला.

मी वही काढली. त्या झाडाचं अंतर मोजून लिहिलं, खाली महिना लिहिला, आणि रेघेची उंची.